मिनरल मिक्श्चर चांगलंय, पण भाकड गाईचं पिशवीवर काहीच नाही

दीड वर्ष एकाच कंपनीचं मिनरल मिक्श्चर (खाद्यात मिसळायची क्षारांची पावडर) वापरतोय, नाव मुद्दाम देत नाही. आधी चांगलं सांगतो. दुभत्या गाईंना रोज शंभर ग्रॅम आंबोणात कालवून देतो, गोळे होत नाहीत, वास उग्र नाही, गव्हाण चाटूनपुसून साफ करतात. दोघी आधी दावं चघळायच्या, भिंत चाटायच्या, ते दोनेक महिन्यात बंद झालं. सारखी उलटणारी, म्हणजे भरवूनही गाभण न राहणारी, एक होती ती पण गाभण राहिली, पण तेव्हाच खुराकही वाढवला होता म्हणून ते ह्याच्यामुळेच असं छातीठोक नाही म्हणत.

आता तक्रार. पिशवीवर डोस एकच, सगळ्या मोठ्या जनावरांना सारखा. मी आटवलेल्या, म्हणजे वेण्याआधी दूध बंद केलेल्या भाकड गाईलाही पार वेईपर्यंत तेवढंच घातलं, वाटलं पोटात वासरू आहे, कॅल्शियम लागणारच. तिसऱ्या वेताची, भरपूर दुधाची गाय. संध्याकाळी व्यायली, सगळं नीट, आणि पहाटे बघतो तर बसलेली, उठेचना, मान वळवून पोटाशी टाकलेली, कान हातात धरले तर गारढोण. मिल्क फीव्हर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं तो आजार, नावात ताप असला तरी अंग थंडच पडतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी हळूहळू, मधेमधे छातीचे ठोके ऐकत, कारण भराभर सोडलं तर हृदयच बंद पडू शकतं. बाटली संपत आली तशी अंगभर थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने उठली. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

डॉक्टर म्हणाले, भाकड काळात भरपूर कॅल्शियम आयतं मिळत राहिलं की हाडातून ते काढून घ्यायची शरीराची सवय सुस्तावते, आणि व्यायली की चिकातून लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास बाहेर जातं, रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीनेक ग्रॅम. म्हणजे दोन लिटर चिकातच हिशोब संपला!

आता शेवटचे तीन आठवडे हे बंद, डॉक्टरांनी सांगितलेलं वेण्याआधीचं वेगळं मिक्श्चर देतो, व्यायल्यावर परत हेच सुरू. पुढच्या दोन गाई सुखरूप व्यायल्या.

दुभत्यांसाठी बिनधास्त घ्या, पाचपैकी चार. कंपनीला दोनदा फोन करून सांगितलं की भाकड गाईचं वेगळं छापा, परवा आलेल्या पिशवीवर अजून तोच मजकूर आहे.