नकाराला पान नंबर नसतो: ऑनलाइन पुस्तकदुकानात अकरा महिने

गेल्या जूनमध्ये माझं ई-पुस्तक विकायला एका ऑनलाइन दुकानात खातं उघडलं. पहिल्या पंधरा दिवसांतच काहीतरी खरमरीत लिहायला घेतलं होतं, पण ते नुसतं चिडून लिहिलेलं होतं, म्हणून ठेवून दिलं. आता अकरा महिने झाले. दुकानाचं नाव घेत नाही, कारण खातं अजून चालू आहे आणि मला ते चालूच ठेवायचं आहे.

मी अमळनेर तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. पुस्तक साधंच: चौदा कथा, आणि शेवटी आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची, गाणी. कथांचं निवेदन प्रमाण मराठीत, पण माणसं बोलतात अहिराणीत. पारोळ्याच्या बाजारातली बाई ‘मला माहीत नाही’ असं म्हणत नाही, ‘माले मालूम नही’ म्हणते. तिच्या तोंडी पुणेरी मराठी घालायची माझी तयारी नव्हती. पुढचा निम्मा त्रास या एका हट्टातून आला.

आधी जे चांगलं आहे ते. खातं फुकट. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, नसला तरी ई-पुस्तक चालतं (आपल्याकडे तोही सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, पण लेखकांनाच ते ठाऊक नसतं). किंमत आपण ठरवायची. सुरतेत, नाशकात, पार दुबईत बसलेला खानदेशी माणूस रात्री अकराला पुस्तक विकत घेतो आणि सकाळी आपल्याला आकडा दिसतो, ही गंमत मी नाकारणार नाही. पॅन नंबर आणि अमेरिकेच्या कराचा फॉर्म एकदा नीट भरला की पैसेही वेळेवर येतात. तो फॉर्म घाईत भरू नका, इतकंच सांगते. आपल्या देशाचा अमेरिकेशी करार आहे, त्यामुळे तिकडच्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात, पण ते आपण फॉर्मात मागितलं तरच.

पहिली ठेच भाषेच्या रकान्यात लागली. यादीत मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे. अहिराणी नाही, आणि तिचंच दुसरं नाव खानदेशी, तेही नाही. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनसाहेबाने १९०७ साली छापलेल्या खंडात खानदेशी मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या सोबत मांडली होती. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि ती बोलणारे साडेअठरा लाखांच्या घरात आहेत. भाषांना तीन अक्षरी खुणा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतःची खूण आहे. म्हणजे इंग्रज सरकारला, भारत सरकारला आणि जगाला ही भाषा दिसते, दुकानाच्या रकान्याला दिसत नाही. मी ‘मराठी’ निवडलं. दुसरं करणार काय?

तीन दिवसांनी पत्र आलं: पुस्तकातला मजकूर निवडलेल्या भाषेशी जुळत नाही. कुठल्या पानावर? लिहिलेलं नाही. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, चढवण्याचं काम त्याचंच. तो म्हणाला, “मावशी, यंत्राने चाळलं असेल, मध्येच ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ आलं की त्याला वाटतं भलतीच भाषा.” आम्ही प्रस्तावनेत दोन ओळी घातल्या की संवाद अहिराणी बोलीत आहेत, आणि पुन्हा पाठवलं. ते गेलं. का गेलं तेही कळलं नाही.

मग ‘ऱ्हायना’नेच दगा दिला. माझ्या जुन्या कथा एका छापखान्याने श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्ह’मधला आडवा र मोडला आणि ह च्या डोक्यावर रफार जाऊन बसला. अहिराणीत तर पानापानावर कोणीतरी काहीतरी करीच ऱ्हायनं असतं. दर्जाबद्दलची सूचना आली: शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या. या वेळी मात्र यादी सोबत होती, एकोणीस शब्दांची. त्यातले सात खरंच मोडलेले होते, तेव्हा चूक माझी, कबूल. उरलेले बारा अहिराणी शब्द होते, धडधाकट. ‘माले’, ‘तुले’, ‘व्हई’, ‘डोया’. डोळ्याला डोया म्हणणाऱ्या बाईचं शुद्धलेखन कोण तपासणार? मी सात दुरुस्त केले, बारांपुढे ‘बोलीतील शब्द’ असं लिहून पाठवलं. हा एकच प्रसंग असा, की समोरून काहीतरी धरून बोलणं झालं. म्हणून तो लक्षात आहे.

ऑगस्टमध्ये खरं प्रकरण सुरू झालं. पत्राचा सूर असा, की या पुस्तकातला मजकूर वेबवर मोकळा उपलब्ध आहे, तेव्हा हक्काचा पुरावा द्या, नाहीतर विक्री थांबेल. कुठला मजकूर, ते पुन्हा गुलदस्त्यात. आम्ही दोघं रात्री दोन वाजेपर्यंत शोधत बसलो. निघालं असं, की आखाजीची काही गाणी मी स्वतःच चार वर्षांपूर्वी फेसबुकवर टाकली होती, आणि तिथून ती कुणाकुणाच्या भिंतीवर गेली होती, माझं नाव गळून.

यात माझा दोष आहे आणि तो लपवत नाही. ७० टक्के रॉयल्टी दिसली म्हणून मी एकाच दुकानात विकायचा करार निवडला होता. त्यात अट असते की तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये, फुकटसुद्धा. मी ती वाचलीच नव्हती. मग ३५ टक्क्यांवर आले आणि करारातून बाहेर पडले. ९९ रुपयांच्या पुस्तकामागे साधारण पस्तीस रुपये. चालेल. पण हक्काच्या पुराव्याचा प्रश्न तसाच राहिला. जात्यावरच्या ओवीचा हक्क कुणाचा? आईला तिच्या आईकडून आली, तिला सासरच्या कुणा जावेकडून. पुराव्यासाठी चार पर्याय दिले होते: करारपत्र, प्रकाशकाचं पत्र, हक्कनोंदणी किंवा मूळ लेखकाची परवानगी. मूळ लेखिका कुठल्या तरी गावच्या मसणवट्यात शंभर वर्षांपूर्वी राख झाली, हे कुठल्या रकान्यात भरू?

बहिणाबाई आठवल्याशिवाय कशा राहतील! आसोद्याची बाई, अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर ओठांतून गाणं यायचं. मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतलं म्हणून ते हाती राहिलं. त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला, गाणी पुस्तकरूपात आली १९५२ साली. माझ्या एका कथेच्या सुरुवातीला त्यांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यावरही बोट ठेवलं गेलं. मी तावातावाने उत्तर लिहिलं: आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि पुस्तक मरणोत्तर आलं असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं, म्हणजे २०१२ संपलं तेव्हाच ती गाणी मोकळी झाली. भाच्याने ते पाठवण्याआधी एका वकील मित्राला दाखवलं. तो हसला. पुस्तक मी ‘सर्व देश’ निवडून लावलं होतं. अमेरिकेत हिशोब निराळा: १९९६ च्या सुरुवातीला आपल्याकडे हक्क जिवंत असलेल्या अशा पुस्तकाला तिकडे प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणजे जळगावात जे मोकळं, ते न्यूयॉर्कात २०४७ संपेपर्यंत बांधलेलं. इथे दुकान बरोबर होतं, मी चूक. दोन ओळी काढल्या. विक्रीचे देश फक्त भारतापुरते ठेवले असते तरी भागलं असतं, पण मग दुबईवाले गेले असते.

हे मला भाच्याच्या वकील मित्राकडून कळावं, दुकानाच्या पत्रातून का नाही, एवढंच विचारते. एक वाक्य पुरलं असतं.

तिसरा नकार सर्वांत लागला. एका कथेत म्हातारी सासू स्वतःविषयी म्हणते, ‘रांडमुंड बाईनी जिंदगी’. विधवेचं दुःख ती तिच्या भाषेत सांगते. आणखी एका ठिकाणी दोन बहिणी एकमेकींना लाडाने ‘रांड’ म्हणतात, तापीकाठच्या कुठल्याही पाणवठ्यावर ऐकू येईल असं. पत्र आलं: आशय ग्राहकांना आक्षेपार्ह वाटू शकतो. हीच कथा अनेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका साप्ताहिकात आली होती. संपादकांना सगळे नाना म्हणत. नानांनाही तोच शब्द खटकला होता. पण त्यांनी लाल पेनने गोल करून कागद समोर ठेवला आणि म्हणाले, “बाई, हा ठेवायचा का?” मी हो म्हटलं, त्यांनी नको म्हटलं, चहा झाला, शेवभाजी झाली, शेवटी एक ठेवला आणि एक गेला. मी हरले असं वाटलं नाही. इथे मी शब्दाशी भांडायला तयार आहे, पण कुठल्या शब्दाशी ते सांगायलाच कुणी नाही. वर दिलेले दोन शब्द हा माझा अंदाज आहे. कदाचित त्यांना दारूच्या भट्टीचा प्रसंग खटकला असेल. कदाचित मुखपृष्ठ.

आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिने विचारलं, “तुन्हं पुस्तक कोठे गयं वं?” सांगितलं, नाही म्हणालेत. “कोन शे तो? तेनं नाव काय शे?” मी मोबाइलवर पत्राचा शेवट दाखवला. खाली ‘आपली टीम’ एवढंच. ती म्हणाली, मग तू पण तुझं नाव कशाला लिहितेस?

अपील करता येतं. मी दोनदा केलं. पहिल्या वेळी शब्दशः तेच पत्र परत आलं. दुसऱ्या वेळी भाच्याने युक्ती सांगितली: तक्रार करायची नाही, प्रश्न विचारायचा, तोही एकच. ‘कृपया पान क्रमांक कळवा.’ सहा दिवसांनी उत्तर आलं की पुस्तक आता विक्रीस उपलब्ध आहे. पान क्रमांक आलाच नाही. तुम्ही कुणी अडकलात तर हे करून पाहा. आणि नकार आला की तेच पुस्तक नाव बदलून पुन्हा चढवू नका. वारंवार झालं तर अख्खं खातं बंद होतं, सगळ्या पुस्तकांसकट. अहिराणी संवाद असतील तर प्रस्तावनेत आणि पुस्तकाच्या वर्णनात दोन्हीकडे लिहा. श्रीलिपीतून आणलेली फाइल असेल तर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एकेक शोधून तपासा. आणि गाणी आधी फेसबुकवर टाकू नका, हे मी सांगायला नको.

ओव्या मात्र मी स्वतःच काढल्या. नोव्हेंबरपासून ई-पुस्तकात फक्त कथा आहेत. काढताना वाईट वाटलं, पण दर दोन महिन्यांनी आईच्या आईचा पुरावा द्यायची माझ्यात ताकद नाही. ओव्यांची चौसष्ट पानी पुस्तिका धुळ्याच्या एका छापखान्यात करून घेतली, तीनशे प्रती, पन्नास रुपये किंमत. छापखानेवाल्या भाऊंनी प्रुफं दोनदा पाठवली आणि एका पानावर पेन्सिलने लिहिलं होतं: ‘ताई, आमच्याकडे हे कडवं वेगळं म्हणतात.’ खाली त्यांच्या आईचं कडवं. मी तेही घेतलं.

आखाजीला माहेरवाशिणी आल्या होत्या. झोक्यापाशी पुस्तिका घेऊन बसले आणि दोन दिवसांत ११२ प्रती गेल्या. एकीने पुस्तिका उघडली, दोन ओळी वाचल्या, मिटली आणि उरलेलं गाणं पाठ म्हटलं. पैसे मात्र दिले.

दुकानाला पाचपैकी तीन तारे देते. विक्री, हिशोब, पैसे यांना चार, पत्रव्यवहाराला एक. अकरा महिन्यांत ६१ प्रती, हातात साधारण दोन हजार रुपये. पुढचा संग्रह तिथेच लावणार आहे. त्यातल्या एका कथेत सासू पुन्हा तेच म्हणते, आणि तो शब्द कुठल्या पानावर आहे ते मी या वेळी आधीच वहीत लिहून ठेवलंय: पान ४७.