मेट्स की यँकीज? बाबांच्या कालनिर्णयाचा कौल

न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्याने राहायला आलेला मराठी माणूस पहिल्या सहा महिन्यांत दोन प्रश्न हमखास विचारतो. चांगलं ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, आणि बेसबॉल बघायचं तर कोणाचं? पिठाचं उत्तर ओक ट्री रोडवर मिळेल. दुसऱ्या प्रश्नाचं मी देतो, कारण तो घोळ मी स्वतः बरीच वर्षं घातलाय. दोन डगरींवर पाय ठेवून मी न्यूयॉर्कचे दोन्ही संघ, मेट्सही पाहिले आणि यँकीजही. 2025 च्या हंगामात मात्र एक पाय उचलावा लागला.

तीन आऊट, नऊ इनिंग वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ट्रॉफ्याही मोजत नाही. यँकीजच्या 27 आणि मेट्सच्या 2, एवढ्यावरच ठरवायचं असतं तर लिहायची गरजच नव्हती. एडिसनहून जायचं अंतरही दोन्हीकडे सारखंच कंटाळवाणं. पेन स्टेशनपर्यंत गाडी एकच, पुढे क्वीन्सला जायचं की ब्राँक्सला एवढाच फरक. कॉमेंट्रीत मात्र मेट्स डोळे मिटून पुढे. गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे त्रिकूट ऐकण्यासाठी मी हरलेला सामनाही शेवटपर्यंत बघितलाय. हर्नांडेझ आणि डार्लिंग दोघंही 1986 च्या विजेत्या संघातले, आणि डार्लिंग स्वतः पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पिचरचा हात थकलाय हे तो आकडे यायच्या आधी सांगतो.

आता संघबांधणी. डिसेंबर 2024 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन सौदे झाले, आणि माझ्या मते दोन्ही संघांचा स्वभाव त्यात पुरता दिसला. आधीच्या हंगामात यँकीजकडून खेळलेला हुआन सोटो हा बॅटर मेट्सनी 15 वर्षांसाठी 765 दशलक्ष डॉलर्सना उचलला. यँकीज हात चोळत बसतील असं वाटत होतं. त्यांनी मॅक्स फ्रीड हा डावखुरा स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, 8 वर्षांसाठी 218 दशलक्षांना घेतला. मेट्सनी बॅटवर तिजोरी उघडली, पिचिंगच्या वेळी मात्र भाजी घेताना करतो तशी घासाघीस केली. फ्रँकी माँटास, ग्रिफिन कॅनिंग, जुनाच शॉन मनाया, आणि क्ले होम्स. होम्स यँकीजकडे शेवटची इनिंग टाकायचा. त्याला मेट्सनी स्टार्टर केलं. स्लॉग ओव्हर्सचा बॉलर आणून त्याला टेस्टचा नवा चेंडू द्यावा तसं. प्रयोग तसा फसला नाही, होम्सने 160 च्या वर इनिंग टाकल्या. पण माँटास आणि मनाया हंगाम सुरू व्हायच्या आधीच दुखापतीने बसले, तिथून सगळी ओढाताण.

तरीही मी मेट्सकडेच झुकलेला होतो. माझं मत फिरवलं ते आमच्या बाबांनी.

बाबा कोथरूडहून मे महिन्यात आले, सहा महिन्यांसाठी. बँकेतून निवृत्त. कपिल, श्रीनाथ, कुंबळे यांचे लांबलचक स्पेल पाहिलेला माणूस. दिवसभर घरात बसून करणार काय, म्हणून संध्याकाळी माझ्याबरोबर बेसबॉल. तिसऱ्याच दिवशी मेट्सचा स्टार्टर पाचव्या इनिंगमध्ये बरा खेळत असताना मॅनेजर कार्लोस मेंडोझा डगआऊटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, चालत आला आणि त्याच्या हातातून चेंडू घेतला.

"आता परत कधी आणणार याला?" बाबांनी विचारलं.

"परत नाही आणता येत, बाबा. एकदा काढला की त्या दिवसापुरता संपला."

"मग काढला कशाला?"

मी समजावून सांगितलं. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा अंदाज आलेला असतो, चेंडूंची संख्या वाढली की कोपर जातं, शस्त्रक्रिया झाली तर वर्षभर माणूस बाहेर. बँकेत नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ट्रेनरचं ऐकायचे तसं बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "1964 साली बापू नाडकर्णींनी मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 मेडन टाकल्या. त्यांना कोणी म्हणालं का, बापू, पुरे, बॅट्समनला तुमची सवय झाली?"

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नोंद ठेवायला सुरुवात केली. येताना पुण्याहून कालनिर्णय आणलं होतं, ते फ्रिजशेजारी टांगलेलं. दुधाचा हिशोब मांडायची त्यांची जुनी सवय, इथे दूध गॅलनने येतं म्हणून ती बिचारी रिकामी होती. प्रत्येक तारखेच्या चौकोनात ते पेन्सिलीने दोन आकडे घालू लागले. डाव्या कोपऱ्यात मेट्सच्या स्टार्टरने किती इनिंग टाकल्या, उजव्या कोपऱ्यात यँकीजच्या. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे. बाबा दहाला झोपायचे, त्यामुळे वेस्ट कोस्टचे सामने सुटायचे, आणि शनिवारी भजनाला गेले की तो चौकोन कोराच. पण मला जे कळलं ते त्या कागदावरूनच कळलं.

11 जूनला डावीकडे 9 उमटला. डेव्हिड पीटरसनने वॉशिंग्टनविरुद्ध सामना एकट्याने संपवला, एकही रन दिली नाही. बाबांनी त्या आकड्याभोवती गोल काढला. दुसऱ्याच दिवशी मेट्सचाच पिचर कोदाई सेंगा सहकारी पीट अलोन्सोचा उंच आलेला थ्रो घ्यायला पहिल्या बेसवर उडी मारून उतरला आणि मांडी धरून बसला. सामना मेट्सनी जिंकला. तेव्हा त्यांची कामगिरी 45 विजय, 24 पराभव, सगळ्या लीगमध्ये सर्वांत चांगली. तिथून लागोपाठ सात हरले. मग डाव्या कोपऱ्यात 5, 4, 5, 4, 5. ऑगस्टच्या मध्यापर्यंत सहा इनिंग पूर्ण करणारा जवळजवळ एकटा पीटरसनच.

मेंडोझाची बाजूही घेतली पाहिजे. दुखापतीतून उठून आलेल्या माणसाकडून सात इनिंग कुठून काढणार? पण बघणाऱ्याची संध्याकाळ कशी जाते ते सांगतो. पाचव्या इनिंगनंतर एकेक अनोळखी माणूस बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरच्या कोपऱ्यातून, धावत येतो. 26 जणांच्या संघात पिचर 13 हून जास्त ठेवता येत नाहीत, त्यामुळे थकलेल्याला खालच्या संघाकडे सिरॅक्यूजला पाठवायचं आणि तिथला ताजा वर आणायचा. मेट्सनी त्या एका हंगामात चाळीसहून अधिक पिचर वापरले. पाहुण्याचं नाव पाठ होईस्तोवर पाहुणा परत गेलेला. जुलैअखेर खेळाडू बदलायची मुदत संपत आली तेव्हा मेट्सच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे डेव्हिड स्टर्न्स यांनी, रायन हेल्सली, टायलर रॉजर्स आणि ग्रेगरी सोटो आणले. तिघेही रिलीव्हर, म्हणजे मधून येणारे पिचर, स्टार्टर एकही नाही. बाबा म्हणाले, "छप्पर गळतंय, आणि हा बादल्या आणतोय."

यँकीजनीही त्या मुदतीत बादल्याच आणल्या, डेव्हिड बेडनार वगैरे. पण त्यांचं छप्पर शाबूत होतं. त्यांचाही मोठा पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर नव्हता, हे विसरू नका. तरी फ्रीड आणि कार्लोस रोडॉन यांनी प्रत्येकी 195 इनिंग टाकल्या. एकाने 19 सामने जिंकले, दुसऱ्याने 18. मेट्समध्ये 170 इनिंगपर्यंतही कोणी पोहोचलं नाही. आमच्या उजव्या कोपऱ्यात 6 आणि 7 इतके नेहमीचे झाले की बाबांनी त्यांना गोल काढणं सोडून दिलं.

मेट्सचं एक मान्य करतो. ऑगस्टमध्ये नोलन मॅक्लीन हा पोरगा त्यांनी वर आणला आणि महिन्याच्या शेवटी फिलाडेल्फियाविरुद्ध डाव्या कोपऱ्यात 8 आला. बाबा चष्मा पुसून बघत होते. महिनाभर आधी आणला असता तर, असं मला वाटतं. घरात बसून असं वाटणं सोपं असतं हेही कबूल. शेवटी 28 सप्टेंबरला मायामीत हरून मेट्स बाहेर पडले. बेस भरलेले असताना अलोन्सोने मारलेला जबरदस्त फटका थेट फिल्डरच्या हातात गेला, तेव्हा मलाही वाईट वाटलं. ज्याचा हेवा वाटावा असा हंगाम जूनमध्ये हातात होता, तो गेला.

मग यँकीज धुतल्या तांदळासारखे आहेत का? छे! 2024 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, पहिला सामना आठवा. दहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर ॲरन बून यांनी टिम हिल तयार असताना, महिन्याहून अधिक काळ चेंडू न टाकलेल्या नेस्टर कोर्टेसला आणलं. फ्रेडी फ्रीमनने आपल्याला आलेला पहिलाच चेंडू स्टँडमध्ये धाडला, बेस भरलेले असताना. पुढे यँकीजनी त्याच कोर्टेसला मिलवॉकीला देऊन डेव्हिन विल्यम्सला घेतलं. विल्यम्स म्हणजे त्याच ऑक्टोबरात अलोन्सोने ज्याला होमर, म्हणजे क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका, मारून मिलवॉकीला घरी बसवलं तो. आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याच विल्यम्सला मेट्सनी घेतलं. अलोन्सो मात्र गेला बाल्टिमोरला. बादल्या या घरातून त्या घरात फिरतायत.

30 सप्टेंबर 2025 ची संध्याकाळ तर मी विसरणार नाही. बोस्टनविरुद्ध बाद फेरीचा पहिला सामना. यँकीज 1-0 ने पुढे, सातवी इनिंग, एक आऊट, फ्रीडचे 102 चेंडू झालेले, आणि त्याला अजून कोणी धड मारलेलं नव्हतं. बून चालत आले. बाबांनी वरणभाताचं ताट बाजूला सारलं. रिलीव्हर ल्यूक वीव्हर आला. 11 चेंडूंनंतर वॉक, म्हणजे बॅटरला फुकटचा पहिला बेस, मग डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मग बोस्टनच्या योशिदाचा पहिल्याच चेंडूवर फटका, दोन रन. समोर बोस्टनने काय केलं? गॅरेट क्रोशेला 117 चेंडू टाकू दिले, आणि थेट आठव्या इनिंगमध्ये त्यांच्या रिलीव्हर चॅपमनला बोलावलं. बोस्टन 3-1. वरण गार. बाबा एवढंच म्हणाले, "दोन्हीकडे दिवेच आहेत."

त्या रात्री मी दोघांवरही काट मारणार होतो.

दोन दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, निर्णायक सामना. बून यांनी चेंडू दिला कॅम श्लिटलर नावाच्या 24 वर्षांच्या नवख्याला, जो जुलैत पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरला होता. बोस्टनजवळच वाढलेला मुलगा. पाचवी झाली, सहावी झाली, दरवेळी बाबा डगआऊटकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, आता येईल." कोणी आलं नाही. सातवी झाली. आठव्या इनिंगलाही तोच माउंडवर. 8 इनिंग, 12 स्ट्राइकआऊट, वॉक एकही नाही, 107 चेंडू. यँकीज 4-0. त्या दिवशी दसरा होता. चौकोनात छापलेल्या "दसरा"च्या खाली बाबांनी 8 लिहिला आणि जूननंतर पहिल्यांदा उजव्या बाजूला गोल काढला.

पुढच्या फेरीत टोरंटोने यँकीजना घरी पाठवलं, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा सल्ला विचाराल तर असा. घर क्वीन्सकडे असेल, किंवा तुम्हाला सामन्यापेक्षा गप्पा ऐकायला आवडत असतील, तर मेट्स घ्या, कोणी नावं ठेवणार नाही. पण क्रिकेटवर वाढलेले असाल आणि चांगल्या चाललेल्या बॉलरच्या हातून चेंडू काढून घेतलेला बघवत नसेल, तर ब्राँक्सची गाडी पकडा. चीड तिथेही येईल. दगडापेक्षा वीट मऊ, इतकंच. मी यंदा तिकिटं तिकडचीच काढणार आहे.

बाबा ऑक्टोबरअखेर परत गेले. मागच्या रविवारी फोनवर तब्येतीचं, पाण्याचं, कोथरूडच्या मेट्रोचं सगळं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "तो मॅक्लीन आहे ना रे अजून? की त्यालाही पाठवला सिरॅक्यूजला?"

आहे, म्हटलं.