कर्मचाऱ्यांना चालतं करायचंय: मोबाईल, क्लिप की बँड? आणि सोबत बक्षीस की स्पर्धा?

एचआरच्या टेबलावर हा विषय बहुतेक वेळा कोटेशन होऊनच येतो: पाचशे फिटनेस बँड, अमुक दर, ॲप मोफत. तेवढ्यावर सही करू नका. निम्मा निर्णय उपकरणाचा असतो. उरलेला निम्मा, आणि आमच्या मते मोठा, हा की मोजलेल्या पावलांचा आकडा माणसाला कधी, कशाच्या शेजारी आणि कुणासमोर दिसणार.

उपकरण

मोबाईल सगळ्यात स्वस्त, कारण तो प्रत्येकाकडे आहेच. पण तो अंगावर असेल तेवढंच मोजतो. फोन टेबलावर चार्जिंगला आणि माणूस कॅन्टीनला, म्हणजे ती पावलं गेली. बायकांच्या बाबतीत हे रोजचं आहे. कपड्यांना खिसा नाही, फोन पर्समध्ये आणि पर्स ड्रॉवरमध्ये. अशा आकड्यांवर क्रमवारी लावली तर जास्त चालणारी बाई खाली आणि खिशात फोन ठेवणारा पुरुष वर दिसतो. दुसरी अडचण अँड्रॉइडच्या बॅटरी सेव्हरची. तो मागे चालणारं ॲप झोपवतो आणि आकडा दुपारीच अडकतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये ॲपला ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ची परवानगी द्या आणि बॅटरीचं बंधन काढा. नुसती ईमेल पाठवून हे होत नाही, कुणीतरी शेजारी बसून करून द्यावं लागतं.

क्लिपचा पेडोमीटर, म्हणजे कपड्याला अडकवायचं पावलं मोजणारं छोटं यंत्र, काहीशे रुपयांना मिळतो. बटण सेल कित्येक महिने चालतो, चार्जिंगची कटकट नाही. मात्र आत स्प्रिंगचा लंबक असलेला जुना नमुना घेऊ नका. तो उभाच राहावा लागतो. पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्यावर तो पुढे कलतो आणि मोजणं गळतं, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याचाच आकडा चुकतो. तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा सेन्सर असलेलाच घ्या. साडीवर क्लिप परकराच्या नाडीपाशी घट्ट बसते, पदराला लावली तर लटकत राहते. आणि कपड्यांबरोबर ती वॉशिंग मशीनमध्ये जाते, हे गृहीत धरून थोड्या जास्तीच्या मागवा.

मनगटी बँड साधारण दीड ते तीन हजारांना पडतो. तो दिवसभर अंगावर राहतो आणि पाहायला सोपा असतो. चुकतो कुठे? हात स्थिर आणि पाय चालत असतील तिथे. ट्रॉली ढकलणाऱ्या स्टोअरच्या माणसाची पावलं बुडतात. उलट खड्ड्यांतून दुचाकी चालवताना किंवा पोळ्या लाटताना नसलेली पावलं चढतात. बँड सुटतो तोही बहुधा चार्जिंगला काढल्यावरच, कारण परत घालायचं राहून जातं. म्हणून बॅटरी निदान आठवडाभर टिकणारा घ्या आणि चार्जिंगचा वार ठरवून द्या. सिंकही, म्हणजे बँडमधले आकडे फोनमध्ये उतरवणं, आठवड्यातून एकदा तरी व्हायला हवं, कारण बऱ्याच बँडमध्ये मिनिटामिनिटाचा तपशील काही दिवसच साठतो.

थोडक्यात, बैठ्या ऑफिसात बँड. खाद्यपदार्थ किंवा औषधांच्या कारखान्यात मनगटावर काही घालायला परवानगी नसते आणि मोबाईल गेटवर जमा होतो. तिथे क्लिपच. तीही आधी क्वालिटी विभागाला विचारून, कारण सुटून पडू शकणारी वस्तू त्यांना आत नको असते. मोबाईल फक्त महिनाभराच्या चाचणीपुरता.

आकड्यासोबत काय द्यायचं

पैसे देण्याचा मोह आधी होतो, म्हणून सिंगापूरचा प्रयोग नीट पाहा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 13 संस्थांमधले 800 कर्मचारी होते. एका गटाला काहीच नाही, एकाला नुसता क्लिपचा फिटबिट झिप. एका गटाला त्यासोबत आठवड्याला 50,000 पावलं गाठली की 15 सिंगापूर डॉलर आणि 70,000 च्या वर 30. चौथ्या गटात तीच रक्कम दानधर्माला जायची. सहा महिन्यांनी रोख पैसेवाला गट पुढे होता. पैसे थांबले आणि बाराव्या महिन्यापर्यंत ती वाढ ओसरली. वजन किंवा रक्तदाब कोणत्याच गटात सुधारला नाही आणि वर्षाअखेर साधारण दहातला एकच जण ट्रॅकर लावत होता. वजन घटेल असं संचालकांना सांगून बजेट मंजूर करून घेणार असाल, तर ते आश्वासन देऊ नका.

पैसे द्यायचेच असतील तर मांडणी महत्त्वाची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 281 कर्मचाऱ्यांना रोज 7,000 पावलांचं लक्ष्य होतं. ते गाठल्यावर रोज 1.40 डॉलर मिळवणाऱ्यांनी 35 टक्के दिवस लक्ष्य गाठलं, पैसे न मिळणाऱ्यांनी 30. पण महिन्याच्या सुरुवातीलाच 42 डॉलर खात्यात दाखवून चुकलेल्या दिवसाचे 1.40 वजा केले, तेव्हा प्रमाण 45 टक्क्यांवर गेलं. रक्कम तीच, हातातलं जाण्याची भीती वेगळी. आपल्याकडे हे करायचं तर गिफ्ट पॉइंट्सच्या वेगळ्या खात्यातून. पगाराला हात लावायचा नाही, कायदाही तशी कपात करू देत नाही.

स्पर्धेबद्दल आमचं मत पुढच्या प्रयोगाने पक्कं केलं. अमेरिकेत डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या 602 कर्मचाऱ्यांवर 24 आठवडे खेळाच्या तीन तऱ्हा करून पाहिल्या, त्याचे निकाल 2019 मध्ये आले. घरच्या माणसाचा किंवा मित्राचा पाठिंबा, गटाचं सहकार्य आणि गटातली स्पर्धा. नुसत्या ट्रॅकरच्या तुलनेत तिन्हींनी पावलं वाढवली, स्पर्धेने सगळ्यात जास्त, दिवसाला सुमारे 920. खेळ संपल्यावरच्या 12 आठवड्यांतही स्पर्धेचाच फायदा टिकला. हे गट तिघांचे होते, हा मुद्दा सुटता कामा नये. पाचशे जणांच्या एकाच लीडरबोर्डवर पहिल्या आठवड्यातच रोज धावणारे वर बसतात आणि चारशेव्या क्रमांकाचा माणूस ॲप उघडणं सोडतो. तीन ते पाच जणांचे गट करा, सुरुवातीचा आकडा जवळपास असलेले एकत्र ठेवा, आणि गुण एकूण पावलांवर न देता स्वतःचं लक्ष्य किती दिवस गाठलं यावर द्या. दिवसाला 20,000 च्या वरची पावलं मोजूच नका, म्हणजे बँड हलवून आकडा फुगवण्यात हशील उरत नाही.

सुरुवात अशी

पहिले दोन आठवडे फक्त मोजा, लक्ष्य काही नाही. पहिला आठवडा सोडून द्या, कारण नवीन उपकरणाच्या कौतुकात सगळेच जास्त चालतात. दुसऱ्या आठवड्याची सरासरी हा पाया. त्यावर 1,500 ते 2,000 पावलं वाढवून लक्ष्य द्या. सरसकट 10,000 देऊ नका. रोज 3,500 चालणाऱ्याला ते अशक्य आणि मार्केटिंगच्या पोराला आधीच झालेलं असतं. दुपारी तीन-साडेतीनला ‘आतापर्यंत इतकी, लक्ष्याला इतकी कमी’ एवढा एक संदेश पुरे. त्या वेळी अजून चालायला संध्याकाळ हातात असते. रात्री दहाला आलेला आकडा फक्त निकाल सांगतो. चाल किती वेगाची हेही दाखवा. मिनिटाला साधारण 100 पावलं म्हणजे मध्यम व्यायाम, आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं तसा व्यायाम सुचवते. संदेश आल्यावर उठायला वावच नसेल, म्हणजे तासन्‌तास कॉलवर अडकलेली टीम किंवा कुलूपबंद जिना, तर उपकरण कोणतंही असो, आकडा हलणार नाही. बँडच्या ऑर्डरआधी जिना उघडा आणि मीटिंग पन्नास मिनिटांची करा.

संमतीचा कागद शेवटी नको, आधी हवा. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, 2023 प्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली आणि विशिष्ट कामापुरती असावी लागते, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं. मॅनेजरला कुणाही एकाचा आकडा दिसू देऊ नका, गटाची सरासरी पुरते. गरोदर बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस किंवा व्हीलचेअर वापरणारा सहकारी यांना कुणी कारण न विचारता बाहेर राहता आलं पाहिजे, आणि झोप, हृदयाचे ठोके, लोकेशन या तीन गोष्टी पुरवठादाराला सांगून पहिल्या दिवसापासून बंद करून घ्या.