टायगन, क्रेटा, हायरायडर आणि एक जुनी व्हेंटो: लबाडीचा इतिहास धरून केलेली तुलना

मेहुण्याच्या यादीत तीन गाड्या आहेत, चौथी त्याने जरा लाजतच सांगितली. फोक्सवॅगन टायगन, ह्युंदाई क्रेटा, टोयोटा हायरायडर; आणि ऑफिसातल्या एकाची फोक्सवॅगनचीच २०१४ ची डिझेल व्हेंटो, जी ‘ओळखीत’ स्वस्तात पडते आहे. तो राहतो ठाण्यात कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत. म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, मग कळवा-विटावा. त्याचं मन टायगनवर बसलंय, पण एक गोष्ट टोचते. “भाऊजी, ज्यांनी धुराच्या तपासणीत अख्ख्या जगाला गंडवलं, त्यांच्याकडून गाडी घ्यायची?”

शोरूममध्ये हा प्रश्न विचारला की सेल्समन कॉफी सांगायला उठतो. म्हणून इथे सविस्तर.

नेमकं काय केलं होतं

१८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक छुपी सोय होती. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही. एवढ्यावरून आणि वेग-वेळेच्या ठरीव नमुन्यावरून गाडीला कळायचं की परीक्षा चालू आहे. मग ती हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसायची. रस्त्यावर आली की धूर आवरणारी यंत्रणा सैल. नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या.

हे उघड केलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मूठभर संशोधकांनी, आणि त्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीय होते. त्यांनी मोजणीचं यंत्र गाडीतच ठेवून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर ती फिरवली. जेटा १५ ते ३५ पट जास्त ओकत होती, पसाट ५ ते २० पट. सोबत तपासलेली बीएमडब्ल्यू एक्स५ मात्र बऱ्याच अंशी मर्यादेत. म्हणजे ‘डिझेल म्हटलं की एवढं होणारच’ ही सबबही गेली.

माझ्या लेखी खरा डाग यानंतरचा आहे. हा अहवाल मे २०१४ चा. पुढचं वर्षभर कंपनी ‘तांत्रिक कारणं’ सांगत राहिली, एक रिकॉलही करून दाखवला. कबुली कधी दिली? २०१६ च्या मॉडेलना विक्रीची परवानगीच अडकेल, अशी पाळी आली तेव्हा. चूक होणं वेगळं आणि पुरावा समोर ठेवल्यावर वर्षभर टोलवाटोलवी करणं वेगळं. मेहुण्याला टोचतंय ते योग्यच आहे.

शिक्षा काय झाली, तर प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी पाच दिवसांत खुर्ची सोडली. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. कंपनीच्या दोघांना तिथे तुरुंगवास झाला, जर्मनीत खटले २०२५ मध्येही चालू होते. सगळा खर्च ३० अब्ज युरोंच्या वर गेला.

आणि आपल्याकडे?

एआरएआय या पुण्याच्या वाहन तपासणी संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या, फरक सापडला. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावण्याचं जाहीर झालं. अमेरिकेतल्या मालकाला गाडी कंपनीलाच विकण्याचा पर्याय मिळाला, वर हजारो डॉलरची भरपाई. आपल्याकडे सॉफ्टवेअर अपडेटवर भागलं. कंपनीचं म्हणणं असं की धुराची मर्यादा ठरवणाऱ्या तेव्हाच्या बीएस-४ नियमांत रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादाच नव्हती, तेव्हा नियम मोडलाच कुठे? वकिली थाटाचं उत्तर आहे, पण त्यात एक खरी गोम आहे: आपल्या नियमांना तेव्हा रस्ता दिसतच नव्हता. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

कोणाला वाटेल, आपली पीयूसी असते ना. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती व्हॅन डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजते आणि पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. नायट्रोजनचे ऑक्साइड तिच्या नळीला समजत नाहीत. घोटाळ्यातली गाडी पीयूसी दर वेळी सुखाने पास झाली असती.

धुतल्या तांदळाचं कोण?

आता समोरासमोर ठेवू. टायगन नको म्हणून क्रेटा किंवा हायरायडरकडे वळणाऱ्याने त्या घरांचाही इतिहास पाहावा.

ह्युंदाई आणि किया यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत कबूल केलं की गाड्यांचं मायलेज फुगवून सांगितलं होतं. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड भरला, ग्राहकांना इंधनाच्या फरकाचे पैसे दिले. टोयोटाला जानेवारी २०२१ मध्ये १८ कोटी डॉलर दंड झाला, कारण धुराशी संबंधित दोष तिने अमेरिकी सरकारला वर्षानुवर्षं वेळेत कळवले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटासाठी डिझेल इंजिनं बनवणाऱ्या समूहातल्याच कंपनीने ताकदीच्या चाचणीत वेगळं सॉफ्टवेअर वापरल्याचं निघालं. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांची रवानगी भारतात काही दिवस थांबली होती. हायरायडरचं पेट्रोल-हायब्रिड इंजिन त्या प्रकरणात नव्हतं.

सगळे सारखेच, असं म्हणून मी हात झटकत नाहीये. तिन्ही प्रकरणं एका मापाची नाहीत. मायलेज फुगवलं तर फटका मालकाच्या खिशाला बसतो, आणि तो मालकाला महिन्याभरात कळतो. फोक्सवॅगनच्या प्रकरणात मालक उलट खूश होता: ताकद भरपूर, मायलेज उत्तम. किंमत मोजली ती माजिवड्याच्या सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने, दम्याच्या पोराने. ज्याचं नुकसान होतं तो ग्राहकच नाही, त्यामुळे ‘ग्राहकाचा विश्वास’ हा शब्द इथे थोडा फसवाच आहे. लबाडीचं वजन करायचं तर माझ्या तराजूत फोक्सवॅगनचं पारडं सगळ्यांत जड. हायरायडरवाल्यांचं त्या मानाने हलकं, क्रेटावाले मधे.

भारतापुरतं बोलायचं तर टॅव्हेरा विसरू नये, ती शिर्डीच्या ट्रिपांची टॅव्हेरा. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या. तपासणीसाठी खास इंजिनं लावून धूर पास करून घेतल्याचं बाहेर आलं. पुढे २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. मालकांना जास्त झळ कशाची लागली असेल, धुराच्या लबाडीची की दुकान बंद होण्याची? फोर्डने तर २०२१ मध्ये काही लबाडी न करता इथलं उत्पादन गुंडाळलं. इथे टिकून राहण्याच्या बाबतीत क्रेटा वरचढ ठरते, कारण ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखानाच विकत घेतला. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला २००९ पासून आहे आणि टायगन तिथेच बनते.

एक गोष्ट अलीकडची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली: महागड्या गाड्यांचे सुटे भाग वेगवेगळे दाखवून कमी कर भरल्याचा आरोप. कंपनीला तो मान्य नव्हता, २०२५ मध्ये ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. टायगनचा याच्याशी संबंध नाही, पण ‘सुधारले आता’ असं म्हणण्याआधी मी तरी दोन घोट पाणी पिईन.

मग काय बदललं?

कंपनीचं मन बदललं का, हे मला किंवा मेहुण्याला कळायला मार्ग नाही. तपासणी बदलली, हे मात्र कळतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. बीएस-४ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती ८० वर आली. पेट्रोलला ६०. एप्रिल २०२३ पासून नव्या गाडीची चाचणी खऱ्या रस्त्यावर यंत्र लावून होते, म्हणजे त्या संशोधकांनी जे केलं तेच आता नियमात आहे. आणि फोक्सवॅगनने २०२० पासून भारतात या वर्गातली डिझेल विकणंच सोडलं. टायगन फक्त पेट्रोल. ज्या इंजिनावर लबाडी झाली ते आज शोरूममध्ये नाही.

सक्तीच्या रिकॉलचा अधिकारही सरकारला एप्रिल २०२१ पासून आहे. दंड १० लाख ते १ कोटी. या कंपन्यांना तो चहापाण्याचा खर्च, पण निदान सगळं कंपनीच्या ‘स्वेच्छे’वर राहिलं नाही.

म्हणून माझा हिशेब असा. नवी टायगन आणि बाकी दोघी यांच्यात निवड करताना जुन्या घोटाळ्यामुळे टायगन बाद होत नाही. तिची आजची कागदपत्रं कंपनीच्या शब्दावर उभी नाहीत. सुरक्षेचंही तसंच: ऑक्टोबर २०२२ मध्ये गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने तिला पाच तारे दिले, त्याच वर्षी त्या वेळच्या क्रेटाला तीन मिळाले होते. क्रेटा त्यानंतर बदलली आहे, तरी बाहेरच्याने घेतलेली परीक्षा मला ब्रोशरपेक्षा भावते.

व्हेंटो मात्र मी सरळ खोडतो. ती त्या घोटाळ्याच्याच काळातली डिझेल. अपडेट झालं नसेल तर धूर तसाच, झालं असेल तर इंजिनात जळालेला वायू पुन्हा फिरवायचं काम वाढलेलं असू शकतं, त्याने काजळी धरते. घ्यायचीच हौस असेल तर चेसिस नंबर देऊन अपडेट झालंय का ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावं आणि हा वायू फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडून दाखवायला सांगावं. पण २०२९ मध्ये तिला पंधरा वर्षं होतील. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबई महानगरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, हे पाहायला सरकारने समिती नेमली. पहिली कुऱ्हाड कोणावर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

राहिला रोजचा रस्ता. कासारवडवली ते माजिवडा, मेट्रोचे खांब आणि सेवा रस्त्याचे खड्डे, अंतर किलोमीटरांत नाही, तर गाण्यांत मोजायचं. इथे हायरायडर हायब्रिडचं खरं चीज होतं, कारण मुंगीच्या चालीत ती बरंचसं बॅटरीवर सरकते. तिचं प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ आहे, एआरएआयचा आकडाही प्रयोगशाळेतलाच, हे मेहुण्याने लक्षात ठेवावं. टायगन घ्यायची तर १ लिटर इंजिनाची ऑटोमॅटिक, कारण तिला टॉर्क कन्व्हर्टर आहे, रांगताना ताकद तेलातून जाते. दीड लिटरचा ड्राय क्लचवाला डीएसजी गिअरबॉक्स चालवायला मजेदार, पण अर्धा तास क्लच घासत रांगायला मी तो निवडणार नाही. क्रेटाच्या डिझेलला लांबचा, रिकामा रस्ता हवा, आणि तो याच्याकडे नाही.

माझं मत हायरायडरकडे झुकतं, घोटाळ्यामुळे कमी आणि घोडबंदरमुळे जास्त. त्याचं अजून टायगनवर आहे. राग आला असेल तर तो धरूनही गाडी घेता येते, असं मी त्याला म्हटलं, तो हसला.

शोरूमवाल्याने टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी आठला ठेवली होती, रस्ता रिकामा असताना. मी ती बदलून घ्यायला लावली आहे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, एसी चालू, चार माणसं बसवून, मानपाड्याच्या सिग्नलपासून.