फुकट मिळालेली बॅग मला केवढ्याला पडली

कॅमेऱ्याबद्दल फार सांगत बसत नाही. कॅनन २००डी मार्क टू, १८-५५ मिलिमीटरची (जवळचं टिपणारी) आणि ५५-२५० ची (लांबचं टिपणारी) अशा दोन लेन्ससकट, दिवाळीच्या पाडव्याला घेतला. मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या धाटणीचा) का नाही घेतला असं विचारणाऱ्यांनी मधल्या फरकाचे पैसे माझ्या खात्यात टाकावेत. मला लिहायचंय ते बॅगबद्दल.

'मॅडम, ही आमच्याकडून,' असं म्हणत दुकानदाराने दिलेली काळी बॅग. तिच्यासोबत १६ जीबीचं कार्ड, एक यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसणारी, अतिनील किरण अडवणारी काच) आणि तळहाताएवढा ट्रायपॉड. या चार भेटींपैकी एकही वस्तू आज मूळ कामाला लागत नाही.

कार्ड सगळ्यांत आधी बाद झालं. आम्ही ऐरोलीत राहतो. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे, पण घरापासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या वनखात्याच्या त्या बोटीत मी पहिल्यांदा बसले ती कॅमेरा घेतल्यावर. जानेवारीत, भरतीची वेळ बघून. थवा उठला, मी बटण दाबून धरलं, थोडे फोटो निघाले आणि कॅमेरा 'बिझी' दाखवत गप्प. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेला, कच्चा) फोटो साधारण ३० एमबीचा, कॅमेरा सेकंदाला पाच काढतो, आणि फुकटचं कार्ड क्लास १०, म्हणजे खात्री फक्त सेकंदाला १० एमबीची. ते लिहून होईपर्यंत थवा पुलापलीकडे. घरी येऊन व्ही३०, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, लिहिलेलं ६४ जीबीचं कार्ड मागवलं. त्याहून महागडी कार्डं या कॅमेऱ्याला काही कामाची नाहीत, तो यूएचएस-वन या कार्डांच्या वेगाच्या पायरीपुढे जात नाही. दुसरी बॅटरी मात्र अजून घेतलेली नाही. व्ह्यूफाइंडरमधून एका चार्जवर १०७० फोटो असं कंपनी सांगते, आणि माझ्या हातून दिवसाला तीनशेच्या वर निघत नाहीत. बॅटरीचे पैसे वाचले ते ५० एमएमच्या लेन्समध्ये घातले.

आणि ते घातले म्हणून बरं झालं. एफ १.८ ची साधी ५० एमएम, वजन १६० ग्रॅम. (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते.) फेब्रुवारीत नणंदेच्या नातवाचं बारसं ठाण्यात चरईत होतं. जुनं घर, एक ट्यूबलाइट, बाकी समया. ५० एमएमला किटची (कॅमेऱ्यासोबत आलेली) १८-५५ एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद, वाढवली की फोटो खरखरीत होतो) ६४०० वर जाऊन सगळ्या बायकांच्या चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखं दिसत होतं. ५० लावली. नऊपटीहून जास्त उजेड आत येतो, आयएसओ आठशेच्या आत आला. पाळण्याची दोरी धरलेली माझी थोरली जाऊ त्या फोटोत इतकी सुंदर आलीय की तिने आता माझ्याशी बोलायला सुरुवात केलीय. दोष एकच. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ही ८० सारखी वागते, म्हणजे सगळं जवळ ओढून दाखवते. आमच्या वन बीएचकेत दोन माणसं एका फोटोत घ्यायची तर मला फ्रीजला पाठ लावून उभं राहावं लागतं, तरी कुणाची तरी कोपरं कापली जातात.

फिल्टरचं सांगायचं तर १८-५५ आणि ५५-२५० दोन्हींचा व्यास ५८ मिलिमीटर, ५० चा ४९. म्हणजे फुकटचा ५८ चा फिल्टर तिला बसतच नाही. तसाही डिजिटल सेन्सरला यूव्हीचा फारसा त्रास नसतो, ती नुसती राखण करणारी काच. माझी काच रात्रीच्या दिव्यांचे हिरवे डाग फोटोत उमटवायची. त्यापेक्षा हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी गोल झालर) घ्या. तो लेन्सच्या खोक्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. साधा, दुसऱ्या कुणी बनवलेला चालतो. उन्हाची तिरीप अडवतो आणि लेन्स आपटलीच तर आधी हूड आपटतो.

तर बॅग. तिच्या आतले फोमचे कप्पे इतके बुटके की हूड लावलेली ५५-२५० उभी राहत नाही, आडवी ठेवावी लागते. पट्टा चालताना कुईकुई करतो. पक्षी उडायचे ते पट्ट्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पुढे 'प्रोफेशनल' असं चोराला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. पण फुकट होती, शिवाय नवीन घ्यायला मन होईना.

ड्राय कॅबिनेट (कॅमेरा कोरडा ठेवणारं विजेचं कपाट) वगैरे शुद्ध थेरं आहेत. आमच्या सासऱ्यांचा रोल भरायचा कॅमेरा चाळीस वर्षं गोदरेजच्या कपाटात होता, त्याला काही झालं नाही. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बास.

इथपर्यंतचं मी जुलैत लिहून ठेवलं होतं. वरचा परिच्छेद खोडणार होते, पण राहू दे. माझ्यासारखं म्हणणारे खूप आहेत.

गणपतीत ५५-२५० बाहेर काढली. विसर्जनाचे फोटो दिव्यांसमोर धुरकट. आधी फिल्टरला शिव्या घातल्या, फिल्टर काढला, तरी तेच. मग मुलीने मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारला. आत, काचेच्या कडेने, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस. आणि १८-५५ वर एक ठिपका. ५० एमएम, जी मी आळशीपणाने टीव्हीशेजारी उघड्यावर टाकत होते, ती स्वच्छ!

जूनमध्ये येऊरला गेलो होतो, परतताना बॅग बाहेरून भिजली. मी वरून पुसली, चेन लावली आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिली. अंधार, बंद हवा आणि ओल पिऊन बसलेला फोम. बुरशीला आणखी काय लागतं? पुड्या कधीच्या ओल्या होऊन गेल्या होत्या. चूक माझी, कबूल. पण त्या फोमने हात वर केले नसते तर निभावलं असतं.

लेन्स घेऊन फोर्टला बोरा बाजारात गेले. पहिल्या दुरुस्तीवाल्याने बघता बघता साडेचार हजार सांगितले, गॅरंटी नाही. तेवढ्यात आणखी थोडे घातले तर जुनी लेन्स येते, असं म्हटल्यावर 'मग जुनीच घ्या' म्हणाला, आणि नुसती बघण्याचे तीनशे घेतले. त्यावरून आमचं जे काही झालं ते शेजारच्या गाळ्यापर्यंत ऐकू गेलं. त्या शेजारच्याच गाळ्यातल्या म्हाताऱ्या काकांनी मला हाक मारली. त्यांनी अठराशेत दोन्ही लेन्स उघडून पुसून दिल्या आणि ते करताना समोर बसवून दाखवलं. बुरशी लवकर सापडली तर पुसली जाते. उशीर झाला की तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो, मग डाग जन्माचा. ५५-२५० च्या एका काचेवर बारीकसा राहिलाय. उन्हाकडे तोंड करून फोटो काढला तरच कळतो, आणि मला तो प्रत्येक फोटोत दिसतो.

आता व्यवस्था अशी. तांदळाचा घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर आणि अर्धा किलो सिलिका जेल. सगळं मिळून आठशेच्या आत. मीटर आल्या दिवशी आधी बॅगेत ठेवून पाहिलं, ८४ टक्के! डब्यात दुसऱ्या दिवशी ४६. चाळीस ते पन्नासमध्ये राहिलं की झालं, फार कोरडंही नको, रबराला आणि आतल्या ग्रीसला ते मानवत नाही.

एक सूचना. निळं सिलिका जेल ओल धरून गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, म्हणून मी ते सासूबाईंच्या डोशाच्या तव्यावर टाकलं. अकरावी सायन्सच्या कन्येने ओरडून सांगितलं की निळ्या रंगाला कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. सासूबाईंनी तवा माझ्या हवाली केला. आता तो जेलचा तवा. नव्या बिडाच्या तव्याचे पैसेही मी बॅगेच्याच खात्यात लिहिले आहेत. अठराशे, तीनशे, डब्याचे आठशे, तव्याचे साडेसातशे. फुकटची बॅग, तीन हजार सहाशे पन्नास.

५५-२५० बद्दलही मत बदललंय. पहिले तीन महिने मी ती 'उगीच घेतली' म्हणत होते, कारण खाडीवर (५० च्या ८० होतात त्याच हिशेबाने) ४०० एमएमएवढी जवळीक मिळूनही फ्लेमिंगो गुलाबी ठिपकेच राहायचे. मग कळलं की पक्षी येऊन बसेपर्यंत आपणच बसून राहायचं असतं. एप्रिलमध्ये सीवूड्सला डीपीएस तलावाच्या कडेला दीड तास बसले आणि चोच चिखलात घातलेला एक मिळाला, डोळ्यातल्या चमकेसकट.

पुढची खरेदी २४ एमएम, एफ २.८ ची पातळ लेन्स. घरातल्या घरात ती ५० पेक्षा सोयीची पडेल, फ्रीजला टेकायला नको. जुनी बघतेय. वाशीत एकाकडे आहे. टॉर्च घेऊन जाणार, पुढून आणि मागून दोन्हीकडून मारून बघणार, ऑटोफोकसचा आवाज ऐकणार, मगच पैसे. फोनवर तो म्हणाला, 'ताई, सोबत कॅमेरा बॅग फ्री देतो.' म्हटलं बॅग तुम्हीच ठेवा, दोनशे कमी करा. सध्या तो शंभरावर आलाय.