रीमॅपिंगचा ‘सगळं टाकलेला’ लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, आणि त्यातले आकड्यांचे तक्ते, म्हणजे मॅप, बदलून गाडीची ताकद वाढवायची ते रीमॅपिंग. ईसीयू रीमॅपिंगचं सॉफ्टवेअर, टूल आणि लॅपटॉप असा पूर्ण सेट देतो म्हणून एका दिल्लीवाल्याने मला एक लाख पस्तीस हजाराला टोपी घातली. रक्कम मुद्दाम सांगतोय. वीस-पंचवीस हजारात चायनीज कॉपी येते, असली माल येत नाही, हे आपल्या लाइनमधल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून ही मंडळी आता भाव तेवढा ठेवतच नाहीत. ‘गॅरेज बंद केलेल्या माणसाचा सेट आहे, इटालियन टूल ओरिजिनल, एडिटिंगचं जर्मन सॉफ्टवेअर लायसन्ससकट’ असं म्हटलं की सेकंडहँडचे लाख-सव्वा लाख कुणालाही पटतात. नवीन घ्यायला गेलं तर त्याच्या कितीतरी पट लागतात.

खरी गोम डेमोत आहे. व्हिडिओ कॉलवर त्याने एका स्विफ्ट डिझेलच्या स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, टूल जोडलं, स्क्रीनवर पट्टी सरकली, फाइल उघडली, मॅप दिसले. गाडीचा आणि त्या फाइलचा काडीचा संबंध नव्हता. फाइल आधीच हार्ड डिस्कवर होती.

बऱ्याच ईसीयूंमधून ओबीडीवरून आतला डेटा थेट बाहेर काढता येत नाही. खरं टूल तिथे ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर तेवढा वाचतं आणि त्या नंबरची मूळ फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून आणतं. म्हणजे इंटरनेट लागतं. आणि या गृहस्थाची पहिली सूचना काय, तर “भैया, वायफाय कभी मत लगाना, वायरस आ जाता है.” व्हायरस-बियरस काही नाही. कॉपी केलेलं टूल नेटवर आलं की पकडलं जातं आणि लॉक होतं, एवढीच त्याची भीती. ‘ऑफलाइनच वापरा’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

लॅपटॉप आला तो वरून झकास. स्टिकर आय-फाइव्ह प्रोसेसरचं, विंडोजच्या माहितीतही आय-फाइव्हच. पण ते नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत बदलता येतं. प्रोसेसर ओळखणारं सीपीयू-झेड टाकून पाहिलं तर आत आय-थ्री निघाला, तोही जुन्या पिढीतला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क किती तास चाललीय तेही कळतं. दोन्ही फुकट आहेत, पेन ड्राइव्हवर घेऊन फिरा.

सॉफ्टवेअरचा प्रकार त्याहून भारी. लॅपटॉपमध्ये व्हीएमवेअर, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या आत दुसरं विंडोज. आतल्या विंडोजचं घड्याळ 2016 वर थांबवलेलं. तारीख पुढे केली की ‘लाइफटाइम लायसन्स’ संपतं. म्हणजे क्रॅक केलेल्या मशीनची नक्कल, तीच प्रत्येक गिऱ्हाइकाला. लायसन्सवर माझं नाव कुठेच नव्हतं. खऱ्या टूलची आणि सॉफ्टवेअरची नोंदणी घेणाऱ्याच्या नावावर होते, सेकंडहँड असलं तर आधी ते नाव बदलून घ्यावं लागतं. हे विचारल्यावर उत्तर आलं, “होईल हो, आधी पेमेंट पूर्ण करा.” पेमेंट तर पूर्णच होतं! मग कळलं की पंधरा हजार ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे वेगळे, आणि त्यासाठी एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपलं मशीन चालवू देणारं अ‍ॅप, टाकून त्याचा कोड द्यायचा. ते मी केलं नाही. ज्या मशीनवर किंवा मोबाइलवर बँकेचं काही आहे, तिथे अनोळखी माणसाला असा शिरकाव देऊ नका.

तरी सेट वापरून पाहिला, तो भाच्याच्या स्विफ्टवर. 1.3 लिटरचं मल्टिजेट, 75 बीएचपी, 190 न्यूटन-मीटर. रांजणगावच्या कारखान्यातही बनलेलं हे इंजिन आपल्याकडे इतक्या गाड्यांत आहे की या धंद्यात सुरुवात त्याच्यापासूनच होते. सेटबरोबर आलेली ‘स्टेज वन’, म्हणजे पार्ट न बदलता ताकद वाढवणारी, फाइल टाकली. राइट शंभर टक्के झालं, ओके आलं, आणि गाडी मेली. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही.

कारण चेकसम. ईसीयूच्या फाइलमधल्या आकड्यांची बेरीज फाइलमध्येच लिहिलेली असते. मॅप बदलला की ती बेरीज नव्याने मांडावी लागते, नाहीतर ईसीयू फाइल खोटी धरतो. ते काम करणारं मॉड्यूल ईसीयूगणिक वेगळं, विकत घ्यायचं, आणि क्रॅकमध्ये या ईसीयूचं नव्हतंच. बॅकअप म्हणून जी ‘रीड’ सेव्ह झाली होती ती दुसऱ्याच कुठल्यातरी स्विफ्टची. पुण्यातल्या एका जाणकाराने ईसीयू गाडीतून बाहेर काढून टेबलावर थेट जोडून घेतला, सॉफ्टवेअर नंबरावरून मूळ फाइल मिळवली आणि टाकली. गाडी वाचली, खर्च माझ्या अंगावर.

आता बिल. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली होती, जीएसटी नंबरासकट. दिल्लीच्या दुकानाचा नंबर 07 ने सुरू व्हायला हवा. हा 27 ने, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातला. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर निघालं किराणा दुकान. त्या दुकानदाराला बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. पैसे गेलेलं यूपीआय खातं तिसऱ्याच बाईच्या नावावर.

पैसे नुकतेच गेले असतील तर सगळं सोडून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार लवकर गेली तर समोरच्या खात्यात पडून असलेली रक्कम गोठवता येते. ग्राहक आयोगाबद्दल मात्र एक गैरसमज आपल्या लोकांत पक्का आहे, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालतच नाही. 2019 च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. एकट्याचं गॅरेज असलेल्याने ते अर्जात स्पष्ट लिहावं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी दिल्लीला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

माझा अर्ज गेलाय. चॅट, कुरिअरची पावती, यूपीआयचे व्यवहार सगळं जोडलंय. लॅपटॉप मात्र आहे तसाच ठेवलाय. गॅरेजमधला पोरगा रोज म्हणतो, फॉरमॅट मारू, निदान बिलिंगला तरी चालेल. पण ते 2016 वर थांबवलेलं घड्याळ आणि आतली क्रॅक केलेली नक्कल हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही फॉरमॅट मारू नका.