धुऱ्यावर चितळांसाठी बरसीम: एका रब्बीचा अनुभव

आमचं वावर उमरेड तालुक्यात, जंगलाला अगदी लागून. हरभरा पेरला की चितळांचे कळप रात्री उतरणार हे ठरलेलं. जागल करून घरातली माणसं थकली, म्हणून या रब्बीत जंगलाकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, 10 गुंठे बरसीम हे हिरव्या चाऱ्याचं पीक खास त्यांच्यासाठी पेरलं.

बियाणं 3 किलो लागलं. आधी ते मिठाच्या पाण्यात टाकलं. त्यात मिसळलेलं कासनी या तणाचं बी वर तरंगतं, ते काढून टाकलं. मग साध्या पाण्यानं धुऊन रायझोबियम हे जिवाणू खत चोळलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाफ्यात पाणी भरून वरूनच फोकलं. बी फार बारीक असतं, मातीत खोल गाडलं तर उगवत नाही.

उगवण छान झाली, पण तिसऱ्या आठवड्यातच चितळांनी अर्धा तुकडा साफ केला. कोवळं रोप ओढलं की मुळासकट येतं. उरलेल्याभोवती जुन्या साड्या बांधल्या, 50 दिवस राखलं आणि मगच जंगलाकडची बाजू मोकळी केली. ही घाई कुणीच करू नये. मूळ धरलेली बरसीम वरून खाल्ली तरी पाणी मिळालं की पुन्हा फुटते.

जानेवारीत फरक दिसला. दिवस कलला की चितळं तिथंच चरत राहायची, हरभऱ्यात खुरांचे ठसे खूप कमी झाले. रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, मात्र काही फरक पडला नाही. ते बरसीम तुडवत थेट हरभऱ्याच्या घाट्यांवर जायचे, त्यांच्यासाठी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन चालूच ठेवावी लागली.

हरणं अशी आयती येतात म्हटल्यावर एकानं शिकारीचं विचारलं. त्याला तिथंच थांबवलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि बोलावून आणलेल्या जनावराला मारणं माझ्या मनाला कधीच पटणार नाही.

फेब्रुवारीत ओल्या वाफ्यात वाघाचे पंजे उमटलेले दिसले. चितळ रोज एकाच जागी येऊ लागलं की मागे वाघ येणारच, याचा विचार मी पेरणीआधी करायला हवा होता. वनरक्षकाला कळवलं आणि त्याच दिवशी बरसीमचं पाणी तोडलं. त्या धुऱ्यावर मोहाची तीन झाडं आहेत. चैत्रात पहाटेच्या अंधारात गावातल्या बाया तिथं वाकून फुलं वेचतात. त्याआधी तुकडा पूर्ण वाळलेला हवा होता, आणि तो वाळला. पुन्हा पेरली तर नाल्यापलीकडे पेरीन, तिथून कुणाची वाट जात नाही.